प्रश्न घरचा, शोध सत्याचा

(वार्षिक ज्ञातिसंमेलनाच्या पहिल्या दिवशी दिलेले व्याख्यान)



संमेलनाच्या व्याख्यानासाठी दरवर्षी एखाद्या विद्वान गृहस्थास पाचारण करावयाचे, असा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. यंदा तो मान मजसारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या निवृत्त शिक्षकास मिळाला, ह्याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. मी संशोधक नव्हे. माझी सारी उमर मुलांच्या गणिताच्या वह्या तपासण्यात गेली. त्या कामात एक गोष्ट मात्र पक्की कळते. दोन मुलांचे उत्तर एकच असले तरी दोघांना सारखे गुण देता येत नाहीत. एकाने रीत करून उत्तर काढलेले असते, दुसऱ्याने ते पुस्तकाच्या शेवटच्या पानावरून उतरवून घेतलेले असते. म्हणून शिक्षक उत्तराआधी रीत पाहतो. आज जो विषय मी आपणापुढे मांडणार आहे, त्याचा निवाडाही ह्याच कसोटीने करावा असे मला वाटते.

विषय असा : ज्या गोष्टीशी आपल्या स्वतःच्या आयुष्याचा निकटचा संबंध आहे, त्या गोष्टीचे संशोधन आपण करावे की करू नये?

ह्या विषयास एक निमित्त आहे आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. आपल्याच ज्ञातीतील एक विद्यार्थिनी विद्यापीठात पीएच.डी.साठी अभ्यास करीत आहे. ज्ञातिसंस्थांनी विधवांना केलेले साहाय्य, हा तिचा विषय. आपल्या मंडळाच्या विधवा-साहाय्य निधीच्या जुन्या वह्या पाहावयास मिळाव्यात, असा अर्ज तिने केला आहे. तिची पणजी ह्याच निधीतून दरमहा साहाय्य घेत असे, हेही तिने अर्जात प्रांजळपणे नमूद केले आहे. आणि नेमक्या त्याच ओळीमुळे तो अर्ज दोन बैठकींत तहकूब राहिला. उद्याच्या सर्वसाधारण सभेपुढे तो येणार आहे. त्यावर दोन आक्षेप घेण्यात आले आहेत. पहिला असा की, मुलगी त्याच घरातली; तिचे मन आधीच दुखावलेले; ती न्यायाने काय लिहिणार? दुसरा असा की, घरातील गोष्टी वेशीवर कशासाठी टांगावयाच्या? आक्षेप घेणारी मंडळी मला वडिलांसमान आहेत आणि ज्ञातीचे हित त्यांच्या मनात आहे, ह्याविषयी मला तिळमात्र शंका नाही. म्हणूनच त्या आक्षेपांचा विचार वरवर न करता मुळापासून करू या.

प्रथम हे पाहू की, संशोधनाचा प्रश्न माणसास सुचतो कोठून? ग्रंथालयात बसून सुचतो, असे आपण समजतो. पुष्कळदा तसे होतेही. परंतु काही मोठे प्रश्न घराच्या माजघरातून आले आहेत.

आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण घ्यावयाचे तर डॉ. आनंदीबाई जोशी ह्यांचे घ्यावे. 1865 साली त्यांचा जन्म झाला. नवव्या वर्षी गोपाळराव जोशी ह्यांच्याशी विवाह झाला आणि चौदाव्या वर्षी त्यांस मुलगा झाला. ते मूल अवघे दहा दिवसांचे होऊन गेले. त्या काळी अशी मुले घरोघर जात. आयाही जात. दैवास बोल लावून लोक गप्प बसत. आनंदीबाईंनी मात्र वैद्यकशास्त्राचा ध्यास घेतला. 1883 साली त्या एकट्या अमेरिकेस गेल्या आणि फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून 1886 च्या मार्च महिन्यात एम.डी. झाल्या. पदवीसाठी त्यांनी जो प्रबंध लिहिला त्याचा विषय होता, आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. ज्या मातेचे मूल दहा दिवसांत गेले, तिने प्रसूतिशास्त्र हा विषय घेतला, ह्यात नवल ते काय? पुढच्याच वर्षी, 26 फेब्रुवारी 1887 रोजी, बाविसावे वर्ष पुरे होण्यास जेमतेम महिना उरला असताना, पुणे मुक्कामी त्यांचा अंत झाला. पण ह्या बाईचे मूल गेले आहे, तेव्हा तिने हा विषय घेऊ नये, असे म्हणण्याचे धैर्य आज आपल्यापैकी कोणास होईल? पदवी त्यांच्या दुःखास मिळाली नाही; त्यांच्या अभ्यासास मिळाली. दुःखाने त्यांस केवळ महाविद्यालयाच्या दारापर्यंत पोहोचविले.

दुसरे उदाहरण आंध्रातील. डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव ह्यांचा जन्म 1895 सालचा, भीमावरमचा. त्यांच्या तरुणपणी त्यांचे दोन भाऊ पाठोपाठ स्प्रू नावाच्या रोगाने दगावले. हा रोग आपल्याकडील संग्रहणीसारखा. खाल्लेले अन्न अंगी लागत नाही, रक्त कमी होत जाते आणि माणूस झिजून मरतो. सुब्बाराव 1923 साली अमेरिकेस गेले. पुढे तेथील लेडर्ले प्रयोगशाळेत त्यांच्या मार्गदर्शनाखाली 1945 च्या सुमारास फॉलिक अम्ल कृत्रिम रीतीने तयार करण्यात आले आणि स्प्रू ह्या व्याधीवर ते गुणकारी ठरले. भाऊ गेल्यावर पंचवीस वर्षांनी औषध हाती आले! गेलेले भाऊ त्यामुळे परत आले नाहीत. परंतु गोष्ट एवढ्यावर थांबली नाही. फॉलिक अम्लाचा अभ्यास करताना त्याच्या कार्यास अटकाव करणारी द्रव्येही ह्याच मंडळींनी बनविली. त्यांपैकी एकाचा उपयोग करून डॉ. सिडनी फार्बर ह्यांनी लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगास तात्पुरता का होईना उतार पाडता येतो, हे 1948 साली जगापुढे मांडले. त्याच वर्षी सुब्बाराव निवर्तले. ज्या मुलांची नावेही त्यांस ठाऊक नव्हती, त्यांच्या घरांपर्यंत त्यांच्या श्रमाचे फळ गेले. प्रश्न एका घरातला असतो, परंतु खरे उत्तर सापडले की ते एकाच घराचे राहत नाही.

येथे कोणी म्हणेल, प्रश्न घरातून आला हे ठीक; पण पुढचे काम परक्याने केले तर अधिक बरे नव्हे काय? ह्याचे उत्तर मी तिसऱ्या उदाहरणाने देतो, आणि ते जरा विस्ताराने देतो, कारण त्यात आपल्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू दिसतात.

हंटिंग्टनचा रोग म्हणून एक भयंकर आनुवंशिक व्याधी आहे. माणूस ऐन कर्तेपणात येतो आणि साधारण तिशी-चाळिशीनंतर त्याचे हातपाय त्याच्या इच्छेविरुद्ध हलू लागतात, तोल जातो, बुद्धी मंदावते, आणि काही वर्षांनी मृत्यू येतो. आईबापांपैकी एकास हा रोग असेल तर प्रत्येक अपत्यास तो होण्याचा संभव निम्मा असतो, जणू जन्मतःच नाणे उडविलेले असते. ह्या रोगाचे नेमके वर्णन जॉर्ज हंटिंग्टन ह्या अमेरिकन डॉक्टराने 1872 साली केले. त्या वेळी त्याचे वय होते अवघे बावीस वर्षांचे. इतक्या कोवळ्या वयात हे कसे जमले? त्याचे वडील आणि आजोबा एकाच गावी डॉक्टरी करीत होते. एकाच घराण्यातील आजा, बाप आणि नातू ह्यांस तोच रोग होताना त्या दोघांनी पाहिले होते, आणि त्यांचे अनुभव नातवाच्या हाती आले होते. वडिलोपार्जित माहिती जपून ठेवली आणि योग्य हाती दिली म्हणजे तिचे काय होते, ह्याचे हे उदाहरण मंडळाच्या कपाटाच्या किल्ल्या सांभाळणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

ह्यानंतर शंभर वर्षे ह्या रोगाचे मूळ कोणास सापडले नाही. 1968 साली अमेरिकेत लिओनोर वेक्सलर नावाच्या बाईंस हा रोग असल्याचे निदान झाले. त्यांस दोन मुली होत्या. धाकटी नॅन्सी ही त्या वेळी बावीस-तेवीस वर्षांची होती. आपल्याही नशिबी हाच रोग असण्याचा संभव निम्मा आहे, हे तिला त्या दिवशी कळले. तिने ह्याच रोगाच्या संशोधनास वाहून घेतले. व्हेनेझुएला देशात माराकाइबो सरोवराच्या काठी अशी खेडी आहेत की जेथे हा रोग जगात इतरत्र नाही इतका पसरलेला आहे. 1979 पासून डॉ. नॅन्सी वेक्सलर आणि त्यांचे सहकारी तेथे वर्षानुवर्षे जात राहिले. चार हजारांहून अधिक लोकांच्या रक्ताचे नमुने त्यांनी गोळा केले आणि अठरा हजारांहून अधिक माणसांची वंशावळ तयार केली.

आता विचार करा, त्या गरीब कोळी लोकांनी परदेशी माणसांस आपले रक्त का द्यावे? ह्या बाईंनी त्यांस सांगितले की, माझ्याही आईला हाच रोग होता; मीही तुमच्यातलीच आहे. जो विश्वास केवळ पदवीच्या बळावर मिळाला नसता, तो ह्या नात्यामुळे मिळाला. ज्याने घरात तो रोग पाहिला आहे, त्यास काय विचारावे, कसे विचारावे, आणि काय मुळीच विचारू नये, हे परक्याहून अधिक कळते. आणि दुसरे असे की, परका संशोधक कंटाळून दुसरा विषय घेऊ शकतो. घरच्या माणसास ती मुभा नसते. संशोधनात चिकाटीचे मोल किती असते हे मी आपणांस सांगावयास नको.

परंतु ह्याच गोष्टीची दुसरी बाजू आता पाहा. नमुने गोळा करणारी मंडळी निराळी होती. त्या रक्तातील आनुवंशिक खूण शोधण्याचे काम बोस्टन येथील डॉ. जेम्स गुसेला ह्यांच्या प्रयोगशाळेत झाले; त्यांची आकडेमोड इंडियाना विद्यापीठातील तज्ज्ञांनी केली. 1983 साली चौथ्या गुणसूत्रावर ती खूण सापडली. पुढे प्रत्यक्ष जनुक हाती येण्यास आणखी दहा वर्षे लागली. 1993 साली सहा गटांतील अठ्ठावन्न शास्त्रज्ञांनी मिळून ते जाहीर केले. ध्यानात घ्या, ज्या बाईस उत्तराची सर्वांत अधिक तळमळ होती, तिच्या एकटीच्या शब्दावर ते उत्तर ठरले नाही. अनेक हातांतून, अनेक परक्या डोळ्यांखालून ते पारखून निघाले. तळमळ तिची होती, तराजू मात्र सर्वांचा होता. आपल्या विषयाचे सार मला ह्या एका वाक्यात सापडते.

आता आपण धोक्याकडे वळू. तो नाही असे मी म्हणत नाही. स्वतःच्या आयुष्याचा विषय घेणाऱ्यास प्रश्नाबरोबर पुष्कळदा उत्तरही घरूनच मिळालेले असते. मग तो जे सापडते ते पाहत नाही. जे हवे ते शोधतो. माझ्या भाषेत सांगावयाचे तर, उत्तर शेवटच्या पानावरून घ्यावयाचे आणि रीत मागाहून जुळवावयाची! परंतु ज्ञातिबंधूंनो, हा दोष दुःखातूनच निर्माण होतो असे समजू नका. अभिमानातूनही तो निर्माण होतो, आणि माझ्या मते अधिक होतो.

ह्यास इतिहासातील दाखला आहे. 1901 सालच्या जनगणनेच्या वेळी सर हर्बर्ट रिस्ले हे जनगणनेचे प्रमुख अधिकारी होते. जातींची सामाजिक मानाप्रमाणे उच्च-नीच क्रमवारी लावावी, असे त्यांच्या मनाने घेतले. जात जितकी उच्च तितके नाक सरळ आणि अरुंद, असाही त्यांचा सिद्धांत होता. त्यासाठी त्यांनी माणसांची नाके मोजली होती. पाहा, हा मनुष्य तर पूर्ण परका. ह्या देशात त्याचे नातेगोते नव्हते. मग तो निःपक्षपाती होता काय? त्याच्या डोळ्यांवर राज्यकर्त्याचा आणि त्या काळच्या वंशकल्पनांचा चष्मा होता. पुढे मालवणचे सुपुत्र डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये ह्यांनी 1932 सालच्या आपल्या ग्रंथात हीच मापे तपासून तो सिद्धांत साऱ्या हिंदुस्थानास लागू पडत नाही, असे दाखविले. परक्याची चूक घरच्या अभ्यासकाने दुरुस्त केली! तेव्हा, परका म्हणून आपोआप निर्मळ आणि घरचा म्हणून आपोआप मलिन, हे गणित मुळातच चुकीचे आहे.

आणि त्या क्रमवारीचा आपल्यासारख्या संस्थांवर काय परिणाम झाला? देशभर ठिकठिकाणी ज्ञातिसभा उभ्या राहिल्या आणि आमची जात वरच्या पायरीवर नोंदवा, असे अर्ज सरकारदरबारी जाऊ लागले. अर्जांच्या पुष्ट्यर्थ ज्ञातींचे इतिहास लिहिले गेले. कोणी आपले मूळ ऋषींशी जोडले, कोणी राजकुलांशी. हे लेखन कोणी केले? घरच्याच माणसांनी. त्यांचा विषयाशी निकटचा संबंध नव्हता काय? त्यांचे मन निर्विकार होते काय? परंतु त्यांस कोणत्याही ज्ञातीने असे विचारल्याचे मी ऐकले नाही की, बाबा रे, तू घरचाच. तू न्यायाने काय लिहिणार? आपल्या पूर्वजांचे गोडवे गाणाऱ्यास आपण शाल आणि श्रीफळ देतो, आणि आपल्या पणजीच्या नावापुढे काय लिहिले आहे हे पाहू इच्छिणाऱ्या मुलीस मात्र निःपक्षपातीपणाचा दाखला मागतो. हे न्यायाचे नव्हे. कसोटी लावावयाची असेल तर ती दोघांनाही सारखीच लावली पाहिजे.

ती कसोटी कोणती, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांच्या एका निबंधावरून चांगले कळते. 1916 सालच्या मे महिन्यात न्यू यॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात, पंचवीस वर्षांचे असताना, त्यांनी भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. जातीचे चटके ज्या मनुष्याने शाळेपासून सोसले, त्याने जातीवर लिहिताना संताप व्यक्त केला असता तर त्यास कोण दोष देता? परंतु त्या निबंधात त्यांनी एखाद्या शल्यविशारदाप्रमाणे विषयाची चिरफाड केली. आपल्याच गटात विवाह करण्याचा निर्बंध हे जातीचे मूळ लक्षण होय, असे त्यांनी प्रतिपादिले. हा निर्बंध टिकवावयाचा तर गटातील स्त्रीपुरुषांची संख्या सम राहिली पाहिजे. पती निधन पावला म्हणजे त्याची पत्नी गटात अधिक ठरते. तिचे काय करावयाचे, ह्या अडचणीतून सती आणि सक्तीचे वैधव्य ह्या चाली रूढ झाल्या, अशी त्यांची उपपत्ती होती. आणि निबंधाच्या शेवटी, आपले मत म्हणजे शेवटचा शब्द नव्हे आणि शास्त्राच्या प्रांतात भावनेस थारा देता कामा नये, असे त्यांनीच बजावले आहे. ज्याचे मन सर्वांत अधिक पोळले होते, त्यानेच हा नियम स्वतःवर घालून घेतला. पोळलेला मनुष्य न्यायाने लिहू शकत नाही, असे म्हणणाऱ्यास ह्याहून अधिक उत्तर काय द्यावे?

संशोधकाने आपण कोठे उभे राहून पाहिले तेही सांगितले पाहिजे. डॉ. घुर्ये ह्यांचे शिष्य डॉ. एम. एन. श्रीनिवास ह्यांनी 1948 साली म्हैसूरनजीकच्या एका खेड्यात राहून अभ्यास केला. ते स्वतः म्हैसूरचे आणि त्यांच्या पूर्वजांचे गावही त्याच भागातले. त्या खेड्यावरील त्यांचा ग्रंथ 1976 साली प्रसिद्ध झाला. आपण गावच्या पाटलाच्या आश्रयाने राहिलो, वरच्या जातींच्या मंडळींतच अधिक वावरलो, त्यामुळे गाव आपणांस त्या बाजूने अधिक दिसले, ह्याची स्पष्ट नोंद त्यांनी केली आहे. त्यामुळे त्यांच्या ग्रंथाचे मोल कमी झाले नाही. वाचकास मात्र कोणती बाजू अंधारात राहिली ते कळले.

एवंच, ज्यास आपल्या घरचा प्रश्न घ्यावयाचा आहे, त्याने काही पथ्ये पाळावीत. पहिले, विषयाशी असलेले आपले नाते प्रारंभीच सांगावे. दुसरे, उत्तर काय निघेल असे आपणांस वाटते ते काम सुरू करण्यापूर्वीच लिहून मार्गदर्शकाच्या स्वाधीन करावे, म्हणजे मागाहून स्वतःलाही फसविता येत नाही. तिसरे, आपल्या मताविरुद्धचा पुरावा मुद्दाम शोधावा आणि तो सापडल्यास छापावा. चौथे, ज्याचा विषयाशी काही संबंध नाही अशा परक्याकडून सारी रीत तपासून घ्यावी. पाचवे आणि सर्वांत महत्त्वाचे, आपल्या घराची गोष्ट ही आपल्या एकट्याची नसते, हे विसरू नये. तिच्यात भाऊ असतात, चुलते असतात, हयात नसलेली माणसे असतात. त्यांची नावे झाकावी, त्यांची अब्रू राखावी.

ह्या पथ्यांस एक मर्यादाही आहे. नाते सांगणे हे संशोधकाचे कर्तव्य आहे. सर्व जखमा उघड्या करून दाखविणे हे कर्तव्य नव्हे. हंटिंग्टनच्या रोगाची रक्ततपासणी उपलब्ध झाल्यावरही डॉ. नॅन्सी वेक्सलर ह्यांनी आपल्या स्वतःविषयी अनेक वर्षे जाहीर काही सांगितले नाही. आपणांसही तो रोग आहे, हे त्यांनी 2020 साली जगास सांगितले. कधी सांगावयाचे, हे ठरविण्याचा अधिकार त्यांचा होता. म्हणून आपल्याही मुलीस सभेत उभे करून, तुझ्या पणजीची सारी हकीकत सांग, मग पाहू, असे कोणी म्हणू नये.

आता दुसरा आक्षेप, घरच्या गोष्टी वेशीवर टांगण्याचा. ह्या निधीच्या वह्या मी पाहिल्या आहेत. मंडळाने जुन्या हिशेबांची यादी करण्याचे काम माझ्याकडे सोपविले होते, तेव्हा त्या माझ्या हाताखालून गेल्या. त्यांत रकाने आहेत ते असे : नाव, गाव, वय, पदरी मुले, दरमहा रक्कम आणि शेवटी शेरा. ह्या शेऱ्याच्या रकान्यात 'वर्तणूक समाधानकारक' एवढे दोन शब्द पडले म्हणजे पुढील वर्षाचे साहाय्य मंजूर होई. काही ठिकाणी ते शब्द नाहीत. तेथे पुढच्या वर्षीच्या वहीत ते नावही नाही. वर्तणूक कोणी पाहिली, काय पाहिले, त्या बाईस विचारले काय, ह्याचा उल्लेख नाही. हे मी कोणास दूषण देण्यासाठी सांगत नाही. ज्यांनी हा निधी उभारला त्यांनी दारोदार फिरून पैसा जमविला, आणि त्या पैशावर कित्येक घरांतील मुले शिकली हेही त्याच वह्या सांगतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एक सांगावयाची आणि दुसरी लपवावयाची, तर पहिलीवरही लोकांचा विश्वास बसणार नाही. ती मुलगी जर केवळ दोषच वेचून काढील, तर तिच्या परीक्षकांस ते दिसेल आणि आपणही ते दाखवून देऊ शकू. पण वह्याच कपाटात राहिल्या, तर पूर्वजांचे पुण्यही त्यांबरोबर कपाटातच राहील. आणि तेथे त्यांचे वाचक कोण, हे मी सांगितलेच पाहिजे असे नाही. दोन वह्यांच्या कडा वाळवीने खाल्लेल्या मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या आहेत.

'संशोधन' हा शब्द 'शुध्' ह्या धातूपासून आलेला आहे. शोधणे आणि शुद्ध करणे हे दोन्ही अर्थ त्यात आहेत. जे शोधले जाते त्याचीच शुद्धी होते. आपल्या मंडळास आपल्या भूतकाळाची शुद्धी नको असेल, तर तसा ठराव खुशाल करावा. परंतु त्याचे खापर त्या मुलीच्या पणजीच्या माथी फोडू नये.

माझी सभेस नम्र सूचना अशी आहे. वह्या मंडळाच्या कार्यालयातच, चिटणीसांच्या देखरेखीखाली पाहू द्याव्यात. लाभार्थी स्त्रियांची नावे आणि गावे प्रबंधात येऊ नयेत, असे लिहून घ्यावे. प्रबंधाची एक प्रत मंडळाच्या ग्रंथालयास मिळावी. हस्तलिखित आधी आम्हांस दाखवून आमची संमती घ्यावी, अशी अट मात्र कृपा करून घालू नये. तशी अट घातली की ते संशोधन राहत नाही, मंडळाचे मानपत्र होते. आणि त्याचबरोबर, ज्ञातीचा इतिहास लिहिण्यासाठी मंडळाने जी समिती नेमली आहे, तिलाही मघाशी सांगितलेली पाचही पथ्ये लागू करावीत. त्या समितीत मीही एक सभासद आहे. म्हणून हे बंधन मी प्रथम स्वतःवर घालून घेत आहे.

आपल्या मुली आज विद्यापीठांत जातात, ह्याचा आपणांस अभिमान वाटतो. त्यांनी तेथे जाऊन केवळ परक्यांचे प्रश्न सोडवावे आणि घरच्या प्रश्नापुढे मान खाली घालावी, असे आपल्या मनात नसेल अशी मला खात्री आहे. ज्या स्त्रियांच्या नावापुढे कोणी तरी एका ओळीत शेरा मारला, त्यांच्यासंबंधी त्यांच्याच पणतीने रीतीने, पुराव्याने आणि न्यायाने शंभर पाने लिहिली, तर ज्ञातीचे काहीएक बिघडणार नाही. उद्या मत देताना आपण सर्वांनी ह्याचा विचार करावा, एवढी माझी प्रार्थना आहे.